ओळंबा

माझी गोळी उजवीकडे जायची.

शंभर मीटरवर नाही. तिथं ती शहाण्या मुलीसारखी
कागदावरच्या काळ्या गोलात जाऊन बसे,
फार तर नखभर इकडे.
नखभर कोण मोजतं?

दोनशे ऐंशीवर मोजावं लागलं.
सप्टेंबरचा शेवट, हार्डांगरविड्डाचं पठार,
उतारावर दगडफुलासारखं पांढरं शेवाळ,
आणि डावीकडे तोंड करून चरणारी
एक रेनडियर मादी.
खांद्यामागे फुली टेकवली,
श्वास अर्धा सोडला.

गोळी चार बोटं मागे शिरली.
फुप्फुस राहिलं, पोट सापडलं.

दोन दिवस आम्ही माग काढला,
मी, बाबा आणि शेजारच्या ओडवारची कुत्री.
बाबा फक्त एवढंच म्हणत:
"इथं बसली होती."
थोडं पुढे गेल्यावर:
"इथंही."
मी म्हटलं, वारा होता.
त्यानं वाकून शेवाळावरचं सुकलेलं रक्त
अंगठ्यानं चोळलं,
आणि वाऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

हिवाळाभर मी स्क्रू फिरवत बसले.
दोन टिचक्या डावीकडे, तर जवळची गोळी चुकायला लागली.
परत उजवीकडे.
काडतुसं बदलली. दुकानदाराशी भांडले.
अंगणाला वाकडं म्हणायला
मी मुळीच उशीर केला नाही.

मे महिन्यात, बर्फ गोठ्यामागे उरलं होतं तेव्हा,
बाबानं माशांच्या दोरीला शिशाचा गोळा बांधला
आणि निशाणाशेजारी खांबावर टांगला.
"गोलाकडे नको. दोरीकडे बघ."

दुर्बिणीत दोरी आणि माझी उभी रेघ
अर्धवट उघडलेल्या कात्रीसारखी दिसली.
मी म्हटलं, बाबा, तुमची दोरी तिरकी लटकलीय.

तो हसला. त्या मादीनंतर पहिल्यांदाच.

मग भाकरीच्या पाठीवर सुरीनं ओरखडे काढत सांगितलं:
दुर्बीण सरळ बघते.
नळी तिच्या खाली, नाक किंचित वर करून,
कारण तिला ठाऊक असतं की पुढे पडायचंय.
जितकं पडणं,
तितकं आधीच उचलून ठेवलेलं.
रायफल कलली की हे उचलणं कलतं.
पडणं कलत नाही, गुनवोर.
पडणं सरळच पडतं.

आणि जितकं लांब, तितकं जास्त पडणं.
म्हणून खोट जवळून दिसत नाही.

एवढं झाल्यावर मला त्याची मान दिसली.
एकतिसाव्या वर्षी एक स्प्रूस
चुकीच्या बाजूला कोसळला होता, त्याच्या खांद्यावर.
तेव्हापासून डोकं उजवीकडे झुकलेलं,
फोटोत, टेबलाशी, चर्चमध्ये,
आणि रायफलही त्याच्यासोबत झुकलेली.
पण त्यानं दुर्बीण कड्यांमध्ये फिरवून घेतली होती,
त्याच्या वाकड्या मानेतून फुली सरळ उभी राहील इतकी.

मी सात वर्षांची असताना
त्याच्या शेजारी पालथी पडून
गाल कसा टेकवायचा ते शिकले.
त्याचं कलणं उचललं.
दुरुस्ती उचलायची राहून गेली.

आता माझ्या दुर्बिणीवर एक बारीक पाणसळ आहे,
हिरव्या पाण्यात एक बुडबुडा.
उतारावर डोळा उतारालाच जमीन समजतो,
तेव्हा बुडबुडा कडेला जाऊन
हट्टानं बसतो.
मनगट वळवते. तो मध्ये येतो.
सगळं अंग ओरडतं, की आता पडणार तू.
पडत नाही.

गेल्या शरदात एकच गोळी झाडली.
माग काढावा लागला नाही.
बाबा मागून, मान तिरकी ठेवून, म्हणाला,
"वारा होता बरं का आज. थोडासा."

ती दोरी अजून खांबावरच आहे.
शिसं काढून आईनं तिला कांदे बांधलेत.
कांदेही सरळच लटकतात.